‘मा.’ म्हणजे माननीय की माजी? गावात नव्याने आलेल्यांसाठी पदाधिकाऱ्यांना हाक मारण्याची रीत

बदली होऊन तालुक्याच्या गावी आलात, शाळेत, बँकेत, आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या संस्थेचं काम घेऊन, की पहिल्या पंधरा दिवसांत एक प्रसंग हमखास येतो. पांढऱ्या कपड्यांतली चार-पाच माणसं बसलेली असतात, चहा येतो आणि ओळख करून देणारा हात फिरवत म्हणतो, "हे आमचे सरपंच, हेपण सरपंच, आणि हे चेअरमन." एका गावाला दोन सरपंच कसे, हे तिथल्या तिथे विचारायची सोय नसते. तुम्ही हसून नमस्कार करता आणि पुढचे सहा महिने कुणाला काय म्हणायचं या धास्तीत काढता.

मी शिक्षक. गेली अठरा वर्षं शाळेच्या आणि गावच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, निमंत्रणपत्रिका, अर्ज, आभारपत्रं हे सगळं माझ्या गळ्यात आहे. सुरुवात मात्र घोटाळ्यानेच झाली. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाची पत्रिका मी लिहिली. प्रमुख उपस्थितीत दोन नावं होती, दोन्हींपुढे ‘मा. सरपंच’. एक होते माजी, वयाने मोठे, म्हणून वर. दुसऱ्या विद्यमान, वयाने लहान, म्हणून खाली. तीनशे पत्रिका छापून आल्या. दुसऱ्या दिवशी उपसरपंच शाळेत आले, पत्रिका टेबलावर ठेवली, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, आपल्या गावाला सरपंच किती?" पत्रिका पुन्हा छापल्या. पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून मी कागदावर पद आधी पाहतो आणि बोलताना माणूस आधी पाहतो. खाली जे लिहिलंय ते याच सवयीतून आलेलं आहे.

आधी फलक वाचा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर एक लाकडी किंवा पत्र्याचा फलक असतो. त्यावर आजवरच्या सरपंचांची नावं आणि ‘पासून – पर्यंत’ अशा तारखा. शेवटच्या ओळीत ‘पर्यंत’ची जागा रिकामी असेल तर ते विद्यमान सरपंच. शेवटची ओळ ‘प्रशासक’ अशी असेल तर गावाला सध्या सरपंच नाही, आणि अर्ज ‘मा. प्रशासक’ यांच्या नावे करायचा. फलक वाचून झाला की ग्रामपंचायतीच्या शिपायाशी पाच मिनिटं बोला. कुणाला आबा म्हणतात, कुणाला तात्या, कोण कुणाशेजारी बसत नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं आणि ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

पदांची उतरंड एकदा डोक्यात बसवून घ्या. ग्रामपंचायतीत सरपंच, उपसरपंच आणि सदस्य; सदस्यांना गावात सरसकट ‘मेंबर’ म्हणतात. पंचायत समितीत सभापती, उपसभापती. जिल्हा परिषदेत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण अशा विषय समित्यांचे सभापती. नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत नगराध्यक्ष, महानगरपालिकेत महापौर, दोन्हीकडे नगरसेवक-नगरसेविका. गोव्यात गेलात तर ग्रामपंचायतीच्या सदस्याला ‘पंच’ म्हणतात. तिथे कुणी "मी पंच" म्हणालं तर क्रिकेटचा विचार करू नका.

यात ‘सभापती’ हा शब्द सगळ्यात फसवा. एकाच तालुक्यात पंचायत समितीचे सभापती असतात, बाजार समितीचे सभापती असतात आणि त्याच तालुक्यातून निवडून गेलेले जिल्हा परिषदेच्या एखाद्या समितीचे सभापतीही असतात. समोरासमोर ‘सभापती साहेब’ चालून जातं. कागदावर मात्र कशाचे ते पूर्ण लिहा.

आणि जे निवडून आलेले पदाधिकारी नाहीत त्यांना त्या रांगेत बसवू नका. मुख्याधिकारी, आयुक्त, गटविकास अधिकारी हे शासनाचे अधिकारी. पोलीस पाटील नेमलेले असतात, निवडलेले नव्हेत. ग्रामसेवकाला (आता पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) आणि तलाठ्याला बऱ्याच भागांत ‘भाऊसाहेब’ म्हणतात, ती हाक शिकून घ्या, उपयोगी पडते. चेअरमन म्हणजे बहुधा विविध कार्यकारी सोसायटीचे. ते निवडून येतात, पण सहकारात. गावात त्यांचा मान सरपंचाइतकाच, काही गावांत काकणभर जास्त. पीककर्ज त्यांच्या सोसायटीतून येतं ना!

पत्र आणि अर्ज

अर्ज पदाला करायचा, माणसाला नव्हे. उद्या माणूस बदलला तरी अर्ज तसाच जिवंत राहतो. म्हणून:

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत कार्यालय, (गावाचं नाव)

नावाची गरज नाही. खाली विषय, मग ‘महोदय’. सरपंच बाई असतील तर ‘महोदया’. ‘महोदय/महोदया’ असं तिरकी रेघ मारून लिहिणं म्हणजे, तुम्ही कोण आहात हे बघायलासुद्धा मी आलो नाही, असं सांगणं. फलक तिथेच आहे, वाचून या. शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’.

आभारपत्र किंवा अभिनंदनाचं पत्र मात्र माणसाला असतं. तिथे नाव आधी, पद खाली. नावापुढे एकच मानाचा शब्द लावा. ‘मा. आदरणीय श्री. अमुकराव तमुकसाहेब’ यात मान चौपट होत नाही, हसू होतं. ‘राव’ नावात आला की ‘जी’ची गरज उरत नाही, ‘जी’ फलकांवरून आपल्याकडे शिरलाय, पण तो आपला नव्हे असं मला अजून वाटतं. डॉ., ॲड., प्रा. हे खरे असतील तर लावा. कोल्हापूर-सांगलीकडे ‘पै.’ म्हणजे पैलवान, तो गाळलात तर माणूस खरोखर नाराज होतो. वारकरी असतील तर ‘ह.भ.प.’ बौद्ध समाजात ‘आयु.’ म्हणजे आयुष्मान लिहायची पद्धत आहे. घरच्या पत्रिकेवर ते दिसलं असेल तर तुम्हीही लिहा.

बाईंच्या नावापुढे ‘सौ.’ की ‘श्रीमती’? ‘श्रीमती’ लिहा. सरकारी कागदावर तो सगळ्या स्त्रियांसाठी चालतो आणि कुणाच्या घरात काय घडलंय याची चौकशी करावी लागत नाही. त्यांनी स्वतःच्या पत्रावर ‘सौ.’ छापलं असेल तर त्यांच्या आवडीचा मान ठेवा. विधवेसाठीचं ‘गं.भा.’ (गंगाभागीरथी) मात्र आपणहून कधीही नको.

‘मा.’चा घोळ

माझ्या तीनशे पत्रिका ज्याने खाल्ल्या तो हा. ‘मा.’ म्हणजे माननीय, आणि ‘मा.’ म्हणजे माजीसुद्धा. गाडीच्या काचेवर ‘मा. सरपंच’ असं लिहिलेलं असतं ते कुठलं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. पाच वर्षं खुर्चीवर असताना तो माननीय होता, खुर्ची गेल्यावर त्याच एका अक्षराने तो माजी झाला. स्टिकर बदलायचा खर्च वाचला.

तुम्ही मात्र हे करू नका. विद्यमान असतील तर ‘मा. सरपंच’. माजी असतील तर ‘माजी’ हा शब्द पूर्ण, दोन्ही अक्षरं, कुठेही टिंब न देता: ‘श्री. अमुक, माजी सरपंच’. म्हणजे आधी नाव, मग ‘माजी’. ‘मा. श्री. अमुक (माजी सरपंच)’ असंही चालतं, इथे ‘मा.’ नावाचा आहे आणि ‘माजी’ पदाचा, गोंधळ होत नाही. असाच एक घोळ ‘आ.’चा. तो आमदारही असतो आणि आदरणीयही. आमदारांसाठी ‘आ.’ आणि खासदारांसाठी ‘खा.’ राखून ठेवा, इतरांसाठी ‘आदरणीय’ पूर्ण लिहा. ‘ना.’ म्हणजे नामदार, तो मंत्र्यांसाठी. गावपातळीवर तो लावू नका, लावून घेणारे भेटले तरी.

‘माजी’चे सख्खे-चुलतही ओळखून ठेवा. मुदत संपत आलेले ते ‘मावळते’. निकाल लागला पण अजून खुर्चीवर बसले नाहीत ते ‘नवनिर्वाचित’. जुन्या घटनेबद्दल लिहिताना त्या वेळी पदावर असलेले ते ‘तत्कालीन’: ‘शाळेच्या इमारतीची पायाभरणी तत्कालीन सरपंच अमुक यांच्या हस्ते झाली.’ ‘भावी नगरसेवक’ हे पद नाही, तो वाढदिवसाच्या फलकाचा मजकूर आहे.

२०२२ च्या आसपास राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. त्या काळात मुंबई-पुण्यात एकही विद्यमान नगरसेवक नव्हता, तरी लोक गटाराची तक्रार घेऊन त्याच माणसाकडे जात होते आणि त्याला ‘नगरसेवक’च म्हणत होते. बोलण्यात ते बरोबरच होतं. निवेदनावर मात्र ‘माजी नगरसेवक’ लिहावं लागत होतं, आणि ते लिहिताना कार्यकर्त्यांचा हात अडखळताना मी पाहिलाय.

एकाच माणसाची दोन पदं

इथे नवखा हमखास चुकतो. महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि पंचायत समितीचे सभापती यांची मुदत अडीच वर्षांची, सभागृहाची पाच. म्हणजे पहिल्या अडीच वर्षांचे महापौर पुढची अडीच वर्षं माजी महापौर आणि विद्यमान नगरसेवक असे दोन्ही असतात. आजचं पद आधी लिहायचं: ‘नगरसेवक व माजी महापौर’. कार्यकर्ते उलट लिहायला सांगतील, कारण जुनं पद मोठं. तुम्ही आजचंच आधी लिहा. भांडण झालंच तर ते त्यांच्यात होईल, तुमच्याशी नाही.

माणूस फार वर गेला तर जुनं पद सोडून द्यायचं. देवेंद्र फडणवीस १९९७ साली नागपूरचे महापौर झाले होते; आज पत्रिकेवर कुणी ‘माजी महापौर’ लिहीत नाही. पण जागा पाहून उलटंही शोभतं. विलासराव देशमुख राजकारणात आले ते बाभळगावचे सरपंच म्हणून. बाभळगावातच त्यांच्याविषयी बोलायचं असेल तर ‘माजी मुख्यमंत्री’पेक्षा ‘या गावचे सरपंच होते’ हे वाक्य जास्त जड आहे.

पद आणि पुरस्कार यांचीही गल्लत होते. हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाला आणि लगेच फलकांवर ते नावापुढे चढलं. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे, ते नावाच्या आगेमागे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलंय. परिचयाच्या वाक्यात सांगा, नावाला चिकटवू नका. हे ऐकणारं कुणी नाही, मला माहीत आहे. तरी निदान तुमच्या पत्रिकेत नको.

बाई सरपंच असतील तेव्हा

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे दर दोन गावांमागे एका गावात तुमची गाठ महिला सरपंचांशी पडेल. आणि बऱ्याचदा त्यांच्या आधी त्यांच्या पतीशी. लोक त्यांनाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारतात, फोनही तेच उचलतात, मंचावर खुर्चीही त्यांचीच मांडलेली असते.

तुम्ही त्यांना दादा म्हणा, भाऊ म्हणा, नावाला ‘राव’ लावून बोला. ‘सरपंच’ म्हणू नका. पत्रिकेत ‘सरपंच पती’ किंवा ‘सरपंच प्रतिनिधी’ छापू नका, असं कुठलंही पद कायद्यात नाही. बैठकीत प्रश्न बाईंकडे बघून विचारा: "सरपंच, तुमचं काय म्हणणं आहे?" पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे बघतील, नवरा उत्तर देईल. तुम्ही ऐकून घ्या आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यांनाच विचारा. आमच्या गावात तिसऱ्या ग्रामसभेला बाईंनी स्वतःहून पाण्याच्या टाकीचा हिशेब वाचून दाखवला. पती मागे बसले होते, कागद त्यांच्या हातात नव्हता.

एक व्याकरणाची गोष्ट, सूत्रसंचालकांसाठी. ‘सरपंच’ आणि ‘महापौर’ हे शब्द स्त्री-पुरुष दोघांना तसेच चालतात (महापौर हा सावरकरांनी घडवलेल्या शब्दांपैकी मानला जातो). ‘सरपंचा’ वगैरे करू नका. ‘नगराध्यक्षा’, ‘नगरसेविका’ रूढ आहेत. पण आजूबाजूचे शब्द बदलावे लागतात. सवयीने तोंडातून जातं, "गावचे सरपंच श्रीमती अमुक आले आहेत." म्हणायचं, "गावच्या सरपंच श्रीमती अमुक आल्या आहेत." दोन-तीन शब्दांचा फरक, पण माईकवरून साऱ्या गावाला ऐकू जातो.

समोरासमोर

पहिल्या भेटीत पद आणि ‘साहेब’: ‘सरपंच साहेब’, ‘सभापती साहेब’, ‘नगराध्यक्ष साहेब’. बाईंना ‘ताई’, पश्चिम महाराष्ट्रात ‘ताईसाहेब’, ‘वहिनीसाहेब’. ‘मॅडम’ शहरात चालतं, गावात ते ग्रामसेविकेला आणि बँकवालीला राखीव आहे. सर्वनाम ‘तुम्ही’. ‘आपण’ माईकवर आणि पत्रात. चहाच्या टपरीवर ‘आपण’ म्हणालात तर समोरचा सावध होतो, याला काहीतरी मागायचंय म्हणून.

दोन-तीन भेटींनंतर गावाची हाक घ्यायची. विदर्भात बहुतेक ‘भाऊ’. पश्चिम महाराष्ट्रात आबा, अण्णा, तात्या, बापू, नाना, दादा. खानदेशात आप्पाही भरपूर. कोकणात भाई. पण ही हाक अंदाजाने मारायची नसते. प्रत्येकाची ठरलेली असते आणि बहुधा घरातून आलेली असते. आर. आर. पाटील सगळ्या महाराष्ट्राचे ‘आबा’ होते, त्यांना कुणी ‘अण्णा’ म्हटलं असतं तर ते वेगळ्याच माणसाला मारलेल्या हाकेसारखं वाटलं असतं. शिपायाला विचारा, हे पुन्हा सांगतो.

सरपंच तुमचा वर्गमित्र निघाला किंवा तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असला, तर घरी ‘तू’ चालेल. ग्रामसभेत, कार्यालयात, परक्या माणसांसमोर ‘सरपंच’ आणि ‘तुम्ही’. ग्रामसभेत बोलायला उभे राहिलात तर अध्यक्षाच्या खुर्चीला उद्देशून बोला: "सरपंच साहेब, माझा मुद्दा असा…" ज्या मेंबरवर राग आहे त्याच्याकडे बोट दाखवून बोललात की मुद्दा संपतो आणि सभा सुरू होते ती वेगळीच.

थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं अशी गावं पुष्कळ आहेत, आणि उपसरपंच सदस्यांतून निवडला जातो. अशा गावात सरपंचांचं नाव घेऊन उपसरपंचांचं विसरलात तर तो नुसता विसर आहे असं कुणी मानत नाही.

मंचावर

आधी भूमिका, मग पद. कार्यक्रमाचे अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, या क्रमाने, मग बाकीचे पदाप्रमाणे वरून खाली, मग माजी, मग सोसायटीचे चेअरमन, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष वगैरे. गावचे सरपंच यजमान असतात, म्हणून पाहुण्यांनंतर लगेच त्यांचं नाव घ्यायचं, ते पदाने खाली असले तरी.

खरी परीक्षा चिठ्ठीची. कार्यक्रम अर्ध्यावर आला की मागून एक हात येतो, हातात वहीच्या पानाचा तुकडा: ‘मा. सभापती अण्णा आले आहेत, नाव घेणे.’ कुठले सभापती? मा. म्हणजे कोणता? विचारायला वेळ नाही. अशा वेळी पद गाळायचं: "आपणा सर्वांना परिचित असलेले अण्णा नुकतेच आले आहेत, त्यांचं स्वागत." अण्णा खूश, विद्यमान सभापती खूश, तुम्ही मोकळे. मी हे इतक्यांदा केलंय की आता चिठ्ठी उघडण्याआधीच वाक्य तयार असतं.

माजी पदाधिकारी

बोलताना माजी सरपंचाला ‘सरपंच’ म्हणणं गावात रीतीचं आहे, आयुष्यभर. त्याला ते आवडतंही. फक्त विद्यमान सरपंच त्याच खोलीत असतील तेव्हा ती हाक गिळायची आणि आबा-तात्यावर यायचं. कुणी अविश्वास ठरावाने गेला असेल तरी तो ‘माजी सरपंच’च, कसा गेला ते मंचावर, पत्रात, चहाला, कुठेच काढायचं नाही.

कोनशिलेवर मात्र त्या दिवशीचं पद कोरलं जातं आणि तेच राहतं. मुदत संपली म्हणून पुढे रंगाने ‘माजी’ लिहायला जाऊ नका. आमच्या समाजमंदिरावर कुणीतरी तसं लिहिलं, मग दुसऱ्या कुणीतरी ते खरवडलं, आता तिथे नावही धड वाचता येत नाही.

दिवंगतांच्या नावापुढे ‘कै.’ किंवा ‘स्व.’, वारकऱ्यांसाठी ‘वै.’ (वैकुंठवासी), बौद्ध कुटुंबात ‘कालवश’, मुस्लिम कुटुंबात ‘मर्हूम’. त्यांच्यासाठी ‘माजी’ची गरज नसते: ‘कै. अमुक, सरपंच (१९७८ ते १९८३)’ असं वर्षांसकट लिहावं. देणगी फलक करायचा असेल तर घरच्यांना विचारून करा. त्यांना कोणतं नाव हवंय, घरातलं की कागदावरचं, हे तेच सांगू शकतात, आणि फलक रंगवायला देण्याआधी कच्चा मजकूर त्यांच्या हातात द्या.